सूज उतरली आणि खड्डे परत आले

लग्न ठरलं तेव्हा आईच म्हणाली, "गालाचं काहीतरी करून घे बाई." मुरुमं कधीच गेली होती, खड्डे राहिले होते. नाशिकमधल्या एका स्किन क्लिनिकने मला 'पीआरपी विथ एक्झोसोम'चं सहा सिटिंगचं पॅकेज दिलं. ७२ हजार, सगळे आगाऊ. मी भरले.

एक्झोसोम म्हणजे पेशींतून बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण, ते कुपीतून येतात. पीआरपी म्हणजे आपलंच रक्त मशीनमध्ये गरगर फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग वेगळा काढायचा आणि तो सुयांनी त्वचेत सोडायचा. नुसतं फिरवायलाच बहुतेकदा दहा मिनिटं लागतात. माझं रक्त आतल्या खोलीत नेलं की दोन मिनिटांत पिवळसर पाण्याची सिरिंज बाहेर यायची. हे मला तिसऱ्या सिटिंगला खटकलं.

फोटोला मात्र आठवणीने दुसऱ्याच दिवशी बोलवायचे. गाल खरंच भरलेले दिसायचे! पहिल्यांदा तर मी आनंदाने रडले. सुया टोचल्यावर चेहरा सुजतो आणि सुजेमुळे खड्डे उथळ दिसतात, हे कुणी सांगितलंच नाही. आठवड्यात सगळं जिथल्या तिथे. शिवाय 'आधी'चा फोटो छताच्या दिव्याखाली, 'नंतर'चा समोरून उजेड पाडून.

चौथ्या वेळी मी ट्रेमधल्या एक्झोसोमच्या कुपीचा फोटो काढला. लेबलवर छापलं होतं, 'फक्त बाहेरून लावण्यासाठी'. तेच माझ्या कातडीच्या आत जात होतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २०१९ मध्येच बजावलं होतं, की मंजुरी मिळालेलं एकही एक्झोसोम उत्पादन नाही.

शेवटी सरकारी रुग्णालयात गेले. तिथल्या मॅडमनी गाल बोटांनी ताणून दाखवला. माझे बरेचसे खड्डे खालच्या तंतूंनी ओढून धरलेले आहेत. ते तंतू सुईने सोडवावे लागतात, त्याला सबसिजन म्हणतात. वरून काहीही लावून ते सुटत नाहीत. "कमी होतील, पूर्ण जाणार नाहीत," असं मला पहिल्यांदाच कुणीतरी स्पष्ट सांगितलं.

तुम्ही जाणार असाल तर आधी डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि त्वचारोगातली पदवी बघा. रक्त डोळ्यांसमोर फिरवायला लावा, कुपीचं खोकं मागून घ्या. फोटो स्वतः काढा, महिन्याने, त्याच खिडकीपाशी. आणि बिलावर उपचाराचं नाव लिहून घ्या. माझ्या पावतीवर नुसतं 'ब्युटी पॅकेज' आहे. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. माझे सात महिने उरलेत, कुपीचा फोटो जपून ठेवलाय.