एसएसएच सेशन बंद करताना: कंट्रोल-डी की टिल्ड-टिंब?

जळगाव-भुसावळला बसून एसएसएचने, म्हणजे नेटवरून सुरक्षित जोडणी करून, दूरच्या सर्व्हरवर काम करणाऱ्याला दोन्ही यायलाच हवेत. लाइन धड असेल तर कंट्रोल-डी सरस: रिकाम्या प्रॉम्प्टवर (आज्ञा टाइप करायच्या जागी) दाबलं की शेल, म्हणजे आपल्या आज्ञा चालवणारा पलीकडचा प्रोग्राम, नीट आवरतं घेतं; थांबवून ठेवलेले जॉब (कामं) असतील तर बॅश हे नेहमीचं शेल आधी बजावतं. पण ऐन दुपारी वीज गेली, राउटर बसला, की स्क्रीन गोठते आणि कंट्रोल-डी पलीकडे पोचतच नाही. तेव्हा एंटर, मग ~ (टिल्ड) आणि लगेच टिंब. हा इशारा आपल्याच मशीनवरचा क्लायंट (जोडणी करणारा एसएसएच प्रोग्राम) ओळखतो, म्हणून तत्काळ सुटका. एंटर गाळू नका, ओळीच्या सुरुवातीलाच हा इशारा चालतो. एका सर्व्हरमधून दुसऱ्यात शिरला असाल तर ~~. ने फक्त आतलं कनेक्शन तुटतं. मात्र टिल्ड-टिंबाने पलीकडचं शेल काही काळ लोंबकळत राहू शकतं, म्हणून रोजच्या वापराला माझं मत कंट्रोल-डीलाच.