मोबाईलमागची ‘अँटी-रेडिएशन चिप’: तीन महिन्यांचा अनुभव

दिवाळीच्या ग्राहकपेठेत माझ्या सासऱ्यांनी ४९९ रुपयांना तीन ‘अँटी-रेडिएशन चिप’ घेतल्या आणि त्या तीन महिने आमच्या मोबाईलवर होत्या. नाव चिप असले, तरी वस्तू म्हणजे नाण्याएवढी, सोनेरी छपाईची, मागे गोंद लावलेली चकती आहे.

विक्रेत्याचे प्रात्यक्षिक मात्र पाहण्यासारखे होते. मोबाईल हातात देऊन त्याने सासऱ्यांचा आडवा धरलेला हात सहज खाली दाबला आणि चकती लावल्यावर तोच हात त्याला दाबवेना. पहिल्या वेळी मनगट दाबणारा हा गृहस्थ दुसऱ्या वेळी कोपराजवळ जोर लावत होता, हे शेजारी उभे राहिल्यामुळे मला दिसले.

‘९९ टक्के रेडिएशन नष्ट’ हा वेष्टनावरचा दावा खरा असता, तर ज्या रेडिओ लहरींवर मोबाईल टॉवरशी जोडलेला असतो त्याच नाहीशा होऊन फोन लागणेच कठीण झाले असते. आणि लहरी थोड्याफार अडल्या, तरी संपर्क टिकवण्यासाठी मोबाईल स्वतःची प्रक्षेपणशक्ती वाढवतो. आमच्याकडे रेंज आणि बॅटरी दोन्ही होत्या तशाच राहिल्या. शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींवर, म्हणजे ‘एसएआर’वर, भारतात २०१२ पासून किलोमागे १.६ वॉटची मर्यादा आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात घातल्या, हे वेष्टनावर ठळक छापले आहे. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही त्याच गटात आहे, हे अर्थातच छापलेले नाही.

एवढ्यावर ४९९ रुपये पाण्यात गेले म्हणून मी गप्प बसलो असतो, परंतु खरी तक्रार वेगळी आहे. पूर्वी ‘डोक्याला त्रास नको’ म्हणून जेवणानंतर अर्ध्या तासात मोबाईल ठेवणारे सासरे चकती लागल्यापासून कुशीवर पडून रात्री एकपर्यंत व्हिडिओ पाहू लागले. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात, वाकवलेल्या मानेवर डोक्याचा भार वाढतो, झोप मागे सरकते. यांतल्या कशावरही चकतीचा इलाज नाही आणि तसा दावाही नाही. माझा भाचा तर चकती लावलेला मोबाईल हेल्मेटमध्ये कानाशी खोचून दुचाकी चालवताना सापडला. मोबाईल हातात धरून गाडी चालवणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने धोकादायक वाहनचालनात मोडते. हेल्मेटात खोचल्याने हात मोकळे राहतात, लक्ष मात्र बोलण्यातच असते. ‘मामा, चिप आहे ना,’ हे त्याचे उत्तर होते.

पाचपैकी एक तारा देतो, तोही गोंदाला. तीन महिन्यांत एकही चकती सुटली नाही आणि शेवटी खोबरेल तेल लावून त्या काढाव्या लागल्या.