चर्चिलची पांढऱ्या अस्वलांची टूर: पैसे नक्की कशाचे देताय ते आधी विचारा

पाचपैकी साडेतीन स्टार. चार देणार होतो, पण अर्धा आईने कापायला लावला, सूप गार होतं म्हणून.

आई-बाबा इचलकरंजीहून आमच्याकडे कॅनडात विनिपेगला आले होते, ऑक्टोबर संपत आलेला, आणि बाबांचं एकच की इथवर आलोय तर पांढरं अस्वल बघायचंच. चर्चिल म्हणजे हडसन बे च्या काठावरचं गाव, हजाराच्या आत वस्ती, आणि गाडीरस्ताच नाही तिथे, एक तर विमान नाहीतर विनिपेगहून दोन दिवसांची ट्रेन. बाबांच्या कंबरेमुळे विमान. तीन दिवसांचं पॅकेज, माणशी इतके पैसे की आकडा अजून आईला सांगितलेला नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण तिथे चार-पाच जण हेच विकतात आणि मी सांगतोय ते कुठल्याही बुकिंगला लागू आहे.

पहिला दिवस वाया. बग्गी म्हणजे ट्रकच्या चाकांवर ठेवलेली एसटी समजा, आत हीटर, मागे उघडा कट्टा, टॉयलेटही आतच (आईवडिलांना नेणाऱ्यांसाठी महत्त्वाचं). ड्रायव्हरचं सगळं लक्ष वॉकी-टॉकीवर. अमुक ठिकाणी दोन अस्वलं आहेत म्हटलं की हा निघाला, तिथे पोचेपर्यंत ती उठून गेलेली, मग परत दुसरीकडे, दिवसभर हेच, दहा मिनिटांच्या वर कुठे थांबला असेल तर शपथ. आमच्या पुढच्या सीटवरचे लोक तर झोपलेलं अस्वल दिसलं की "हे काहीच करत नाहीये" म्हणून स्वतःच घाई करायचे. आई म्हणाली, एवढ्या पैशात कात्रजला शंभरदा जाऊन आलो असतो.

खरे पैसे वसूल झाले ते संध्याकाळी, आणि गंमत म्हणजे ब्रोशरमध्ये त्याची फक्त एक ओळ होती, "जेवणानंतर माहितीपर व्याख्यान". निम्मे लोक झोपायला गेले. आमची गाइड, पन्नाशीची बाई, तिने पूर्ण दीड तास एकाच माणसावर घेतला, इयन स्टर्लिंग. कॅनडाचा शास्त्रज्ञ, २०२४ मध्ये गेला. मला वाटलं अस्वलांवर बोलेल, तर हिने सुरुवात केली अंटार्क्टिकापासून, जिथे अस्वल औषधालाही नाही! तर झालं असं की स्टर्लिंगने न्यूझीलंडमधून पीएचडी केली ती वेडेल सीलवर (सील म्हणजे थंड समुद्रातला प्राणी, पांढऱ्या अस्वलाचं मुख्य खाणं, त्यातली ही अंटार्क्टिकातली जात), साठच्या दशकात, आणि १९७० ला कॅनेडियन वाइल्डलाइफ सर्व्हिसमध्ये लागल्यावर त्याच्याकडे अस्वलं आली. म्हणजे हा माणूस अस्वलाकडे सीलच्या बाजूने आला. खाणाऱ्याचा अभ्यास करायचा तर आधी त्याच्या ताटातलं काय ते बघा, असा साधा हिशोब. सत्तरच्या दशकात कॅनडाच्या उत्तरेकडच्या ब्युफोर्ट समुद्रात बर्फ जाड झाला, सीलची पिल्लं कमी झाली आणि मागोमाग अस्वलांचीही कमी झाली, ते याला जुळवता आलं कारण तो दोन्हीकडे बघत होता.

इथे बाबांनी हात वर केला. इंग्रजी मोडकं पण प्रश्न चोख, की अस्वल तर जमिनीवरचं जनावर, तुम्ही त्याला समुद्रातल्या प्राण्यांत का धरता? बाई खुश. म्हणाली शास्त्रीय नावच उर्सस मॅरिटिमस आहे, म्हणजे समुद्री अस्वल, पोट सगळं समुद्राच्या बर्फावर भरतं, किनाऱ्यावर दिसतात ती उपाशी, बर्फ जमायची वाट बघत बसलेली.

मग बाबा जे खुलले ते काय विचारू नका. ते पशुधन पर्यवेक्षक म्हणून रिटायर झालेत, तीस वर्षं गुरांना इंजेक्शनं. आणि पडद्यावर स्लाइड काय, तर हेलिकॉप्टरमधून भुलीचं इंजेक्शन मारून आडवं पाडलेलं अस्वल, कानात बिल्ला, ओठ उलटा करून आतून गोंदलेला नंबर, कारण बिल्ला एखाद्या वेळी पडतो पण गोंदण जात नाही. वय कसं काढायचं तर दातावरून! चावायला न लागणारा एक छोटा दात काढायचा, त्याची चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली झाडाच्या खोडासारखी वर्षं मोजायची. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "आपल्याकडे बैलाचं वय म्हणजे दोन दाती, चार दाती, जुळलेला, एवढ्यावर बाजार चालतो, हे लोक दात घरी घेऊन जातात." रेडिओ कॉलर फक्त माद्यांना, कारण नराची मान डोक्यापेक्षा जाड, कॉलर सरकून निघून येते. यावर आई पहिल्यांदा हसली. आमच्या गावाकडच्या एका वळूचंही दावं असंच निसटायचं म्हणे.

आणि शेवटची स्लाइड, जिच्यामुळे मी हा रिव्ह्यू लिहितोय. कॅनडाच्या पार उत्तरेला डेव्हन बेटावर रॅडस्टॉक बे म्हणून जागा आहे, तिथल्या एका उंच कड्यावर तळ टाकून स्टर्लिंग आणि त्याची माणसं दुर्बिणीतून खालच्या बर्फावरची अस्वलं बघत बसायची. उन्हाळ्यात रात्रच नाही, म्हणून पाळ्या लावून चोवीस तास, आणि प्रत्येक अस्वल काय करतंय त्याची नोंद. त्यातून काय निघालं तर अस्वल शिकार करतं ती बहुतेक वेळा नुसतं पडून राहून. सील श्वास घ्यायला बर्फातल्या ज्या भोकातून वर येतो त्यापाशी हलायचं नाही, सील वर येईपर्यंत. म्हणजे ज्या "काहीच करत नाहीये" ला आमच्या बग्गीतले लोक कंटाळले होते, तेच तर त्याचं मुख्य काम आहे, आणि ते कळायला कोणीतरी वर कड्यावर बसून तितकंच कंटाळायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी नशिबाने ड्रायव्हर बदलला. म्हातारा, बडबड शून्य. एका ठिकाणी इंजिन बंद केलं आणि तीन तास हललाच नाही. पहिला तास समोर विलोच्या झुडपात एक मळकट पिवळा ढीग, बस. काही लोकांनी कुरकुर केली, त्याने बिस्किटांचा डबा पुढे सरकवला. मग ढीग उठला, आळस दिला, आणि झुलत झुलत थेट आमच्याकडे. मागच्या कट्ट्याला खाली लोखंडी जाळी आहे, आई तिथे उभी होती, आणि खालून भलं मोठं काळं नाक जाळीला लागलं. वाफ येत होती वर, आईच्या बुटांवर. एवढं मोठं धूड पण आवाज फक्त श्वासाचा, सायकलमध्ये हवा भरताना येतो तसा. आईने माझा दंड धरला तो पाच मिनिटं सोडला नाही. "गुळाचा वास आला असेल त्याला," नंतर म्हणाली, कारण खिशात गूळ-शेंगदाणे होते. (खाऊ न्या, पण अस्वलांना काही टाकू नका, कायद्याने बंदी आहे.)

तिसरा दिवस गावातला, म्युझियम वगैरे ठीक. अस्वलांचा तुरुंग बाहेरूनच बघायला मिळतो, गावात घुसलेल्यांना तिथे कोंडून फक्त पाणी देतात, खायला नाही, म्हणजे परत यायची गोडी लागत नाही. मग हेलिकॉप्टरने लांब नेऊन सोडतात. तिथेच एका पाटीवर या भागातल्या अस्वलांचे अंदाज होते, २०१६ ला ८४२ आणि २०२१ ला ६१८. बर्फ आता लवकर फुटतो, अस्वलं उपाशी जास्त राहतात, अंगाने उतरतात, माद्यांना पिल्लं कमी होतात, हे स्टर्लिंग आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्येच छापलेलं, त्याच दात आणि वजनांच्या नोंदींवरून. बाबा त्या पाटीपाशी बराच वेळ उभे होते, मग विचारलं, "नोंदवह्या कोण लिहितं रे आता यांच्या?"

तर बुकिंगआधी दोन प्रश्न विचाराच. एक, बग्गी एका जागी किती वेळ थांबते, आणि "जास्तीत जास्त अस्वलं दाखवू" असं उत्तर आलं तर फोन ठेवा. दोन, संध्याकाळी बोलणारं कोण आहे, फील्डवर गेलेलं माणूस की नुसता व्हिडिओ. बाकी मोबाइलची बॅटरी थंडीत वीस मिनिटांत बसते, पॉवर बँक अंगाशी ठेवा, काचा आतून घामेजतात म्हणून एक जुना पंचा न्या, आणि सुपावर विसंबू नका, थर्मास आपला आपण.