एक्सेटरच्या बागेत लुकम ओक: एका हिवाळ्यानंतरचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या माझ्या बागेत लुकम ओकचं, म्हणजे ओक जातीच्या एका मोठ्या वृक्षाचं, कलम लावलं, आता उन्हाळा संपत आलाय, आणि इथल्या आपल्या काही जणांनी हे झाड कसं निघालं, असं विचारलं होतं म्हणून सविस्तर लिहितोय. पहिलं म्हणजे नर्सरीच्या लेबलवर सदाहरित लिहिलं होतं, तसं नाहीये ते. ओकच्या दोन जाती आहेत, टर्की ओकची पानं हिवाळ्यात जातात, कॉर्क ओकची राहतात, आणि लुकम हा त्या दोघांचा संकर, त्यामुळे थंडी किती पडते त्यावर सगळं ठरतं. जानेवारीत कडक फ्रॉस्ट (गोठलेलं दव) पडला तेव्हा वाऱ्याच्या बाजूची पानं तांबूस झाली, बाकीची मार्चपर्यंत मस्त चकचकीत हिरवी, आणि मग नवे कोंब फुटायच्या जरा आधी जुनी सगळी भराभर गळली. झाड मेलं समजून उपटू नका प्लीज! पान उलटं करून बघा, खालून राखाडी, बारीक लव असलेलं, कडेला मोठे दाते. मला तर तेच सगळ्यात आवडतं.

झाड इथलंच आहे. 1762 च्या सुमारास विल्यम लुकम यांना एक्सेटरच्या आपल्या नर्सरीत हे वेगळं रोप दिसलं आणि त्यांनी टर्की ओकवर कलमं बांधून हजारोंनी विकली. पुढे मूळ झाड तोडून स्वतःच्या शवपेटीसाठी फळ्या पलंगाखाली ठेवल्या म्हणे, पण माणूस शंभरी पार करून गेला!

जमिनीचं म्हणाल तर चुनखडीची चालते, पाणी साचलेलं नको, ऊन भरपूर हवं. आणि माती दाबू नका, हे फार महत्त्वाचं. लंडनच्या क्यू गार्डनमध्ये टर्नर ओक आहे, तोही असाच अर्धसदाहरित संकर, 1987 च्या वादळाने तो मुळांसकट उचलला जाऊन परत खाली बसला, सगळ्यांना वाटलं गेला, तर उलट आधीपेक्षा जोमाने वाढला, कारण लोकांच्या पायांनी घट्ट झालेली माती मोकळी झाली. हे वाचल्यापासून मी बुंध्याभोवती कुणाला फिरकू देत नाही, लाकडाचा चुरा पसरलाय फक्त, खत काही नाही. पहिल्या उन्हाळ्यात मात्र पाणी द्यावंच लागतं, वरवर शिंपडून नाही, सावकाश, मुळापर्यंत.

छोट्या बागेत लावू नका, 20 मीटरच्या वर आरामात जातं, पसरतंही तेवढंच. आणि बी रुजवून करायचं डोक्यात असेल तर सोडा, एकॉर्न (ओकचं फळ) पिकायलाच दुसरं वर्ष उजाडतं आणि त्यातून येणारी रोपं प्रत्येक वेगळी निघतात, म्हणून घेताना कलमच मागून घ्या.