आर्च लिनक्स: इन्स्टॉलरला फाटा देऊन

जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकणं हा माझा धंदा, त्यामुळे लिनक्स टाकणं रोजचंच. गिऱ्हाइकाच्या मशीनवर मिंट ही सोपी लिनक्स: दोन-चार प्रश्नांची उत्तरं द्यायची, चहा येईपर्यंत काम फत्ते. स्वतःच्या थिंकपॅडवर मात्र आर्च, म्हणजे एकेक भाग आपणच निवडून जोडायची लिनक्स, तेही हाताने.

आर्चला पूर्वी इन्स्टॉलर होता, 2012 मध्ये तो काढून टाकला. 2021 पासून ‘आर्चइन्स्टॉल’ ही स्क्रिप्ट आयएसओतच (पेनड्राइव्हवर टाकायच्या डिस्क-फाइलमध्येच) मिळते. मेन्यू भरला की झालं. चांगली आहे, नावं ठेवणार नाही. पण तिने काय कुठे टाकलं ते आपल्याला ठाऊक नसतं.

पेनड्राइव्हवरून बूट झालं की समोर काळी स्क्रीन आणि रूटचा प्रॉम्प्ट, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याने कमांड टाइप करायची जागा. वायफायसुद्धा ‘आयडब्ल्यूसीटीएल’ या कमांडने आपणच जोडायचं. खरा जपायचा टप्पा पार्टिशनचा, म्हणजे डिस्कचे भाग पाडायचा. ‘एलएसबीएलके’ ही डिस्कची यादी दाखवणारी कमांड मारा आणि डिस्क आकारावरून ओळखा. नावावर जाऊ नका, पेनड्राइव्हच कधी ‘एसडीए’ (पहिली डिस्क) होऊन बसतो. ईएफआयला (बूटच्या फायलींच्या भागाला) 1 जीबी, फॉरमॅट फॅट32, बाकी सगळं ईएक्सटी4, मग माउंट (ते भाग वापरायला जोडणं), मग पॅकस्ट्रॅप, म्हणजे मूळ पॅकेजं डिस्कवर टाकणारी कमांड. कोणता भाग कुठे जोडायचा ते सांगणारी, ‘जेनएफएसटॅब’ने लिहिलेली फाइल एकदा डोळ्यांखालून घालाच. तिथे यूयूआयडी (प्रत्येक भागाचे स्वतंत्र ओळख-क्रमांक) दिसले म्हणजे डिस्कची नावं उद्या बदलली तरी चिंता नाही. त्यानंतर आर्च-क्रूट (नव्या सिस्टिमच्या आत शिरणं), टाइमझोन, लोकेल (भाषेची सेटिंग), पासवर्ड, ग्रब (सिस्टिम बूट करून देणारा प्रोग्राम). हे सगळं विकीत पाहून होतं, आणि आर्चची विकी म्हणजे सोनं आहे.

नवख्याची गाडी हमखास अडते ती पुढे. ‘बेस’ या मूळ पॅकेजमध्ये नेट जोडणारा नेटवर्कमॅनेजर नाही, नॅनो हा साधा टेक्स्ट एडिटरसुद्धा नाही. रीस्टार्ट केल्यावर सिस्टिम ठणठणीत, पण नेट नाही. आणि नेटचं पॅकेज आणायला नेटच हवं! म्हणून पॅकस्ट्रॅपच्याच ओळीत दोन्ही नावं घाला आणि क्रूटमध्ये असतानाच नेटवर्कमॅनेजरची सर्व्हिस एनेबल करा, म्हणजे ती बूटबरोबर आपोआप सुरू होईल. डेस्कटॉप आल्यावर मराठी पानं नुसते चौकोन दाखवायला लागली तर घाबरू नका. ‘नोटो-फॉन्ट्स’ टाका, जोडाक्षरांसकट सगळं ताळ्यावर येतं.

एवढ्या खटाटोपाचं फळ मला बायोस अपडेटनंतर मिळालं. बूटच्या यादीतून ग्रबची नोंदच उडाली होती. पेनड्राइव्ह लावला, तेच दोन माउंट, तोच आर्च-क्रूट, ग्रब-इन्स्टॉल, आणि मशीन पुन्हा उभं. फॉरमॅट मारायचा विचारही मनात आला नाही.

पाचपैकी चार. एक गुण कापला तो ब्लूटूथ, प्रिंटर, आवाज हे सगळं नंतर एकेक करून जोडत बसावं लागतं म्हणून. दुकानात कुणी आर्च मागितलंच तर मी आधी एवढंच विचारतो: घरी दुसरं मशीन आहे का, विकी उघडायला? नसेल तर मिंट घेऊन जा.