आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट: सोलापुरात काढलं, वेल्समध्ये वापरलं

लेकीकडे ब्रिटनमध्ये, वेल्समधल्या कार्डिफला काही महिने राहून आले. तिथे बऱ्यापैकी गाडी चालवली. आपल्याकडून मुलांकडे जाणारे बरेच जण तिकडे स्टिअरिंगला हात लावायला बिचकतात, म्हणून सविस्तर लिहिते.

परमिट सोलापूर आरटीओतून काढलं. सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढीच. खरं तर ब्रिटनमध्ये पाहुण्यांना आपल्या भारतीय लायसन्सवरही १२ महिने कार चालवता येते. तरीही परमिट काढाच, भाड्याने गाडी देणारे ते मागू शकतात. दोन्ही कायम जवळ ठेवा.

त्याहून महत्त्वाचा विमा. गाडी घरचीच असली तरी पॉलिसीत आपलं नाव चढवल्याशिवाय ती चालवू नका. विम्याशिवाय सापडलात तर ३०० पौंड दंड होतो, गाडीही जप्त होऊ शकते.

आता चालवण्याबद्दल. तिथेही डावीकडूनच जायचं, त्यामुळे सगळं ओळखीचं वाटतं आणि इथल्या सवयी न कळत सोबत येतात. मला खरा धोका तोच वाटतो. आमच्या सोलापुरात सात रस्ता चौकात ज्याची गाडी पुढे घुसली तो आधी जातो. तिथे राउंडअबाउटला, म्हणजे मधल्या गोलाला वळसा घालून जायच्या चौकात, उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला. लेकीला शेजारी बसवून रविवारी सकाळी एकाच राउंडअबाउटला फेऱ्या मारल्या. पहिल्याच रस्त्याला बाहेर पडायचं तर आधीपासून डावा इंडिकेटर. सरळ जायचं तर शिरताना कुठलाच नाही, आपल्या आधीचा रस्ता मागे पडला की डावा. उजवीकडे जायचं तर शिरताना उजवा आणि बाहेर पडताना डावा. एवढं अंगवळणी पडलं की निम्मी भीती जाते.

डिपरचं मात्र नीट लक्षात ठेवा. पुणे हायवेवर समोरून डिपर आला की आपण समजतो, तो थांबणार नाही. तिथे लोक बहुतेकदा "तुम्ही या" म्हणून डिपर देतात. त्यांच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे वाहतूक नियमांच्या सरकारी पुस्तकात, त्याचा अर्थ फक्त "मी इथे आहे" एवढाच आहे. म्हणून डिपरच्या भरवशावर गाडी काढू नका, रस्ता स्वतः बघा.

वेगाच्या पाट्या मैलांत असतात. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची, म्हणजे साधारण ३२ किलोमीटरची मर्यादा आहे. आधी फार हळू वाटतं, पण शाळा सुटल्यावर फुटपाथवरून धावणारी पोरं बघितली की पटतं. गल्लीत वळताना रस्ता ओलांडायला कोणी उभं असेल तर त्याला आधी जाऊ द्यायचं, हेही २०२२ पासून हायवे कोडमध्ये आलंय.

खेड्यांकडचे रस्ते एका गाडीपुरते, दोन्ही बाजूंना उंच झुडपं. मध्येमध्ये रुंद जागा केलेल्या असतात. ती डावीकडे असेल तर आत घ्यायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबून राहायचं. चढावरून वर येणाऱ्याला शक्यतो आधी जाऊ द्यायचं.

आणि नातवंडांना मांडीवर घेऊन बसायचं नाही. १२ वर्षं किंवा १३५ सेंटीमीटर उंची, यातलं जे आधी होईल तोवर मुलांची वेगळी सीट लागते. पहिल्याच दिवशी ती बसवायला शिकून घ्या.