सफवी इराण: शार्दँ वाचावा की टॅव्हर्निये?

सतराव्या शतकातील, म्हणजे सफवी राजघराण्याच्या काळातील, इराणी समाज आणि तेथील रीतिरिवाज परक्या प्रवाशाच्या नजरेने पाहायचे असतील आणि एकाच वर्णनापुरता वेळ असेल, तर निवड बहुधा ज्याँ शार्दँ आणि ज्याँ-बाप्तिस्त टॅव्हर्निये यांच्यापाशी येऊन ठेपते. दोघेही फ्रेंच प्रॉटेस्टंट जवाहिरे आणि दोघांचाही शाहाच्या दरबाराशी व्यवहार. तरीही त्यांच्या लेखनाचा पिंड निराळा आहे.

टॅव्हर्नियेने पूर्वेकडे सहा सफरी केल्या. १६७६ मध्ये छापलेल्या त्याच्या वर्णनात काफिल्यांचे मार्ग, नाणी आणि मालाचे भाव विपुल असल्यामुळे व्यापाराच्या अभ्यासकाने तोच आधी उघडावा. मात्र पूर्वेकडील भाषांवर त्याचे प्रभुत्व नव्हते, आणि चालीरीतींबद्दल तो लिहू लागला की ऐकीव माहितीचा वास येतो.

शार्दँ फारसी शिकला, राजधानी इस्फहानात वर्षानुवर्षे राहिला, आणि त्या शहरातील १६२ मशिदी, ४८ मदरसे, १,८०२ कारवाँसराया (काफिल्यांच्या मुक्कामाच्या सराया) व २७३ हमामखाने अशी मोजदाद त्याने नोंदवून ठेवली. त्याची खरी ताकद प्रसंगवर्णनात आहे. १६६६ मध्ये गादीवर आलेल्या दुसऱ्या शाह सफीला आजारपणाने आणि राज्याला संकटांनी ग्रासले, तेव्हा पहिल्या राज्यारोहणाचा मुहूर्तच अशुभ ठरवून १६६८ मध्ये त्याला सुलेमान या नव्या नावाने पुन्हा राज्याभिषेक करण्यात आला. दरबारावर ज्योतिषाची केवढी पकड होती, हे या हकिकतीतून जितके उमगते तितके कोणत्याही सर्वसाधारण विधानातून उमगत नाही. इराण्यांच्या स्वभावाचे खापर शार्दँ हवामानावर फोडतो, ती पाने मात्र सावधपणे वाचावीत.

मराठी वाचकासाठी तिसरा पर्याय इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याचा. १६७५ मध्ये तो जुन्नरला गेला होता आणि १६७७ मध्ये इराणकडे निघाला. शिवाय रायगडावरील राज्याभिषेकाला गेलेल्या इंग्रज वकिलातीची हकिकतही त्याच्याच ग्रंथात आहे. त्याचे इंग्रजी क्लिष्ट असून इराणचा भाग शार्दँइतका सखोल नाही, पण कोकण आणि इराण एकाच लेखणीतून उतरलेले पाहण्याची सोय अन्यत्र क्वचितच मिळते.

समाजाचा अभ्यास हा हेतू असेल तर माझा कौल शार्दँला. जनानखान्याविषयी मात्र या तिघांवरही विसंबू नये, कारण तेथे परपुरुषाला प्रवेशच नव्हता. त्यासाठी पुढच्या काळात यावे लागते: ब्रिटिश राजदूताची पत्नी मेरी शील हिचे १८५६ मधील वर्णन काजार या नंतरच्या राजघराण्याच्या काळातील असले तरी अंतःपुरात स्वतः जाऊन लिहिलेले आहे.